आल्फाफोल्ड असताना सिंक्रोट्रॉन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. 2024चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झाल्यापासून नातेवाइकांपासून निधी मंजूर करणाऱ्यांपर्यंत सगळे हेच विचारतात: प्रथिनाची रचना आता संगणक, म्हणजे आल्फाफोल्ड ही एआय प्रणाली सांगते, मग स्फटिक घेऊन सिंक्रोट्रॉनला, त्या प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्राकडे, कशाला जाता?

आल्फाफोल्ड शिकलं ते प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवर. 1971 मध्ये तिथे सात रचना होत्या, आज दोन लाखांहून जास्त आहेत आणि बहुतेक क्ष-किरणांनीच मिळाल्यात. हे मी चढ्या आवाजात ऐकवते. पण हा झाला इतिहास. स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या ठिपक्यांची तीव्रता डिटेक्टरवर मिळते, पण रचना काढायला लागणारी फेज (लहरींची एकमेकींच्या तुलनेतली स्थिती) हरवते. ती मिळवायला आम्ही प्रथिनात सेलेनियम घालायचो. आता बहुतेकदा आल्फाफोल्डचं मॉडेलच पुरतं. हे मान्य न करणं खोटेपणाचं होईल.

पण त्या रात्रपाळीचं काय करू? विद्यार्थिनीने कित्येक महिने खपून एका एन्झाइमचा संयुगासकट एकच चांगला स्फटिक वाढवला होता. 100 केल्विनच्या नायट्रोजन झोतात तो बीमसमोर आला. सुरुवातीला ठिपके पार कडेपर्यंत दिसत होते, मग बाहेरचे विझत गेले. पहाटे मॅप, म्हणजे डेटावरून काढलेला इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा, उघडला. संयुग खाचेत स्वच्छ दिसलं. आल्फाफोल्डच्या भाकितात बंद असलेला लूप, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा एक वळसा, उघडा होता. ती आनंदाने ओरडली. मग मला शेजारचा डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधला बंध) दिसला: तुटलेला.

क्ष-किरणांनी स्फटिक बिघडतो; त्याने शोषलेल्या किरणांच्या मात्रेसाठी 30 मेगाग्रे ही मर्यादा धरतात. हे बंध त्याच्या कितीतरी आधी तुटतात. मग लूप संयुगाने उघडला की आमच्या किरणांनी? फक्त सुरुवातीच्या, किरण कमी लागलेले असतानाच्या फ्रेम घेऊन पुन्हा मॅप काढला. बंध बराचसा शाबूत दिसला, पण डेटा इतका अपुरा की लूपच्या जागी काहीच ओळखू येईना. ती बराच वेळ स्क्रीनसमोर रडत बसली. तिचा प्रबंध त्या लूपवर होता.

पूर्वी मी ठासून म्हणायचे, मोजलेलं ते खरं, बाकी अंदाज. आज तसं म्हणवत नाही. तरीही अंदाजावर थांबणं मला पटत नाही. तो बंध तुटतो हे मोजल्यामुळेच तर कळलं.

पुढच्या बीमटाइमसाठी (सिंक्रोट्रॉनवर मिळणाऱ्या वेळेसाठी) अनेक छोट्या स्फटिकांकडून थोडा थोडा डेटा घेऊन जोडायचा, असा अर्ज केलाय. बंध शाबूत असताना लूप उघडा दिसला, तर तो संयुगाने उघडला असं लिहू. बंद दिसला, तर आल्फाफोल्ड बरोबर होतं असं लिहू.