इंजिनाची वॉरंटी नेमकी कधीपासून मोजायची?

आम्ही घरी बांधत असलेलं दोन सीटचं विमान अजून पंखांविना उभं आहे. रिव्हेट मारायचं काम दादाचं. खरेदी, पत्रव्यवहार आणि करार माझ्याकडे. नोकरीत मी विम्याचे दावे तपासते, त्यामुळे इंजिनाचा विषय निघाला तेव्हा दादानं हॉर्सपॉवर आणि वजनाचे तक्ते काढले, मी वॉरंटीचे कागद मागवले. घरी विमान बांधणारी मंडळी कोणतं इंजिन घ्यावं यावर रात्र रात्र बोलतात, पण हा कागद शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला क्वचितच भेटला. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. लायकमिंग कंपनीच्या ओ-३६० इंजिनाला किंवा रोटॅक्स कंपनीच्या आताच्या ९१२ ला २००० तासांचा टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधला काळ) आहे, असं आपण ऐकतो आणि तेवढे तास कंपनी आपल्या पाठीशी आहे असं धरून चालतो. टीबीओ ही इंजिन कधी ओव्हरहॉल करावं, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करावं, याची उत्पादकाची शिफारस आहे. तेवढे तास चालेलच, अशी हमी त्यात कुठेही नाही. वॉरंटी वेगळी, आणि तिची मुदत बहुधा महिन्यांत असते. काही ठिकाणी तासांचीही अट असते. काही कागदांत वापराच्या प्रमाणात भरपाई असते, म्हणजे जितके तास उडवले तितका खर्चाचा वाटा आपला. अशा कागदावर ‘वॉरंटी आहे’ एवढं म्हणून भागत नाही. किती तासांना किती वाटा, ते आधीच मांडून बघावं.

पण आपल्यासारख्यांना खरा फटका बसतो तो मुदत सुरू होण्याच्या तारखेमुळे. कारखान्यात इंजिन आलं की ते विमानावर चढतं आणि विमान उडायला लागतं. घरी बांधताना इंजिन येतं, पेटीत राहतं, मग काउलिंग (इंजिनावरचं आवरण), मग वायरिंग, मग घरातलं एखादं लग्न किंवा आजारपण, आणि वर्षं निघून जातात. वॉरंटी कधी बिलाच्या तारखेपासून मोजतात, कधी इंजिन कारखान्यातून निघाल्यापासून, तर कधी पहिल्यांदा सुरू केल्यापासून. तिसरा पर्याय वाचून हायसं वाटतं, पण त्याच्या पुढेच ‘किंवा पाठवल्यापासून अमुक महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ असं आहे का, ते बघा. असेल, तर पेटीतल्या पेटीतही मुदत संपू शकते. शिवाय ‘पहिल्यांदा सुरू’ म्हणजे काय? नवं इंजिन कारखान्यातच चाचणीसाठी चालवलेलं असतं. मग आपण जमिनीवर चालवलं तो दिवस धरायचा, की पहिल्या उड्डाणाचा? हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. फोनवरचं ‘हो हो, काळजी करू नका’ दाव्याच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की इंजिन शेवटी घ्यावं. माउंट (इंजिन धरणारी चौकट) आणि काउलिंगचं काम अडत असेल तर मापासाठी इंजिनाचा सांगाडा किंवा निकामी झालेलं इंजिन चालतं. पेटीत थांबण्याचा प्रश्न फक्त तारखेचा नाही. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो. तेल निथळून खाली जातं, ओलावा राहतो आणि कॅमच्या उंचवट्यांवर आणि त्यांवर टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढे इंजिन चालायला लागलं की तो पृष्ठभाग सोलवटतो आणि तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचे कण येतात. हा बनावटीतला दोष नव्हे, साठवणुकीतला आहे, असं कंपनी म्हणणार, आणि ते बरोबरच असेल. म्हणून जतनाचं तेल कधी भरलं, ओलावा शोषणारे प्लग निळ्याचे गुलाबी झाल्यावर कधी बदलले, हे तारखेसह फोटो काढून ठेवावं. आणि येताजाता हातानं प्रोपेलर फिरवू नये. ‘तेल फिरतं’ म्हणून अनेकजण ते करतात, पण भागांवर उरलेला तेलाचा पातळ थर त्यानं पुसला जातो.

आता दुसरा कळीचा मुद्दा. वॉरंटी साहित्यातल्या किंवा कारागिरीतल्या दोषाला असते. कारखान्याच्या विमानात इंजिन बसवणारा दुसरा कुणी असतो. इथे ते आपणच बसवतो. सिलिंडरांवर थंड हवा वळवणाऱ्या बॅफलच्या पत्र्यांमधून हवा निसटली, ऑइल कूलर चुकीच्या जागी बसला, इंधनाची नळी एक्झॉस्टजवळून गेली आणि सिलिंडर तापला, तर ते सगळं आपल्या खात्यावर. दोष इंजिनाचा होता हे दाखवायचं तर पुरावा आपल्याकडे हवा. प्रत्येक सिलिंडरचं तापमान नोंदवणारा मॉनिटर पहिल्या स्टार्टच्या आधी बसवा आणि त्याची नोंद पुसू देऊ नका. दावे वाचणारी म्हणून सांगते, आकडे समोर असले की वाद निम्म्यावर येतो.

याच नोंदी ब्रेक-इनच्या, म्हणजे नवं इंजिन रुळण्याच्या, काळातही कामाला येतात. नवीन सिलिंडरमध्ये पिस्टन रिंगा नीट बसायला लायकमिंग साधं मिनरल ऑइल आणि जास्त पॉवर सांगतं: क्रूझमध्ये (सरळ, स्थिर उड्डाणात) ६५ ते ७५ टक्के, तेलाचा खप स्थिर होईपर्यंत. आपल्याला मात्र इंजिन सुरू झाल्याचा इतका आनंद असतो की वायरिंग तपासायला, टॅक्सी करायला, नातेवाइकांना दाखवायला ते जमिनीवर पुन्हा पुन्हा चालवलं जातं. कमी पॉवरवर सिलिंडरच्या भिंतीवर चकाकी चढते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल खात राहतं. त्यात नवीन विमान म्हटल्यावर पहिली उड्डाणं हळू आणि जपून करावीशी वाटतात, आणि इंजिनाला नेमकं त्याच्या उलट हवं असतं. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानावर प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडी असेल तर चाचणी-उड्डाणांचा टप्पा साधारण २५ तासांचा, नसेल तर ४० तासांचा असतो. ब्रेक-इन त्यातच पार पडतं. तेव्हा पहिल्या उड्डाणाचा आराखडा विमान आणि इंजिन दोघांचा विचार करून आखायला हवा.

बाकीचं थोडक्यात. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र), कार्बुरेटर, स्टार्टर यांची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या उत्पादकांची असू शकते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा वेगळे पिस्टन बसवायचे असतील तर आधी लेखी विचारा. प्रोपेलर जमिनीला लागला तर तो विम्याचा विषय, वॉरंटीचा नाही. दावा मान्य झाला तरी सुटा भाग मिळतो. इंजिन उतरवण्याची मजुरी, वाहतूक आणि हुकलेला मोसम यांचं काय, हे वेगळं तपासायचं. ‘झिरो टाइम’, म्हणजे शून्य तास चाललेलं, म्हणून कुणी इंजिन विकत असेल तर नवी लॉगबुक कुणी दिली ते बघा. अमेरिकी नियमानं रीबिल्ट (नव्याच्या मापांनुसार पुन्हा बांधलेल्या) इंजिनाला शून्यापासून नोंद फक्त उत्पादक किंवा त्यानं मान्य केलेली संस्थाच देऊ शकते. एरवीच्या ओव्हरहॉलमागे उभी असते ती फक्त ते करणारी वर्कशॉप.

आणि इंजिन पेटीत असलं तरी त्याचा क्रमांक कंपनीकडे आपल्या नावानं नोंदवा. २०१७ साली लायकमिंगनं काही इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडच्या बुशिंगची तपासणी करायला सांगितली होती; अशी सूचना नोंदलेल्या पत्त्यावर येते. कंपनी टिकेल का, हेही बघायला हवं. २००८ साली जर्मनीतली डिझेल विमान-इंजिनांची टीलर्ट कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा जुन्या वॉरंटीची आश्वासनं हवेत विरली आणि मालकांना भागांचे पैसे खिशातून भरावे लागले.

आम्ही विक्रेत्याला तीन प्रश्न पाठवले आहेत: मुदत कुठल्या दिवसापासून, पेटीतला काळ कसा धरणार, आणि विमान विकलं तर वॉरंटी पुढच्या मालकाकडे जाते का. पहिल्या दोघांची उत्तरं सहीनिशी आली. तिसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरायची नाही, असं दादानं आणि मी ठरवलं आहे.