तुम्ही विचारलंत म्हणून: "पण काहीतरी चुकलं असेलच ना त्यांचं?"

हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, मावसभाऊ विचारतो, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही विचारून झालाय. सुरुवात ठरलेली असते. टँगो गेमवर्क्स हा टोकियोतला व्हिडिओ गेम स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने 2024 च्या मे महिन्यात बंद केला, पण ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन गेम कंपनीने उचलला ना? त्यांच्या 'हाय-फाय रश' गेमचे हक्कही घेतले ना? मग तू अजून का कुढतेस? आणि मग, आवाज जरा खाली आणून, खरा प्रश्न: "पण काहीतरी चुकलं असेलच ना त्यांचं? उगाच कोण बंद करतं?"

पहिल्या प्रश्नाचा मला राग येत नाही. दुसऱ्याचा येतो.

काय चुकलं ते तुम्हीच सांगा. 25 जानेवारी 2023 ला अमेरिकेत 'हाय-फाय रश'ची घोषणा झाली आणि त्याच दिवशी तो खेळायलाही मिळाला. आपल्याकडे तोवर 26 उजाडली होती. सुट्टी होती, खाली सोसायटीत झेंडावंदन आणि लाउडस्पीकर, वर मी कंट्रोलर घेऊन बसलेली. हे टँगोवाले आधी भयपटासारखे गेम करायचे. 'द ईव्हिल विदिन' त्यांचाच. आणि हा? छातीत म्युझिक प्लेअर अडकलेला, चाय नावाचा एक टवाळ पोरगा, ज्याला कंपनीने 'डिफेक्ट' ठरवलंय, आणि त्याच्या सोबत एक रोबो मांजर. झाडं, पाइप, जिने, सगळं गाण्याच्या ठेक्यावर हलतं. माझं काम टेस्टिंगचं, त्यामुळे मला एक गोष्ट फार आवडली: तुम्ही बटण ठेका चुकवून दाबलंत तरी चायचा वार ठेक्यावरच पडतो, ठेक्यावर दाबलंत तर जास्त लागतो, एवढंच. म्हणजे ज्याला ताल नाही त्यालाही गेम कानाला धरून बाहेर काढत नाही. असं बनवणं किती कटकटीचं असतं हे आमच्यासारख्यांना विचारा. प्रत्येक हालचाल गाण्याच्या गतीत बसवायची, आणि हाताला ती उशिरा वाटताही कामा नये.

एप्रिल 2023 मध्ये एक्सबॉक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागाच्या, गेम मार्केटिंगचे उपाध्यक्ष आरन ग्रीनबर्ग यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं की गेम सगळ्या महत्त्वाच्या मोजमापांत हिट आहे. त्या वर्षाच्या गेम अवॉर्ड्समध्ये ध्वनिरचनेचा पुरस्कार. 2024 च्या एप्रिलमध्ये अॅनिमेशनचा बाफ्टा, हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार. 7 मे ला स्टुडिओ बंद. त्याच दिवशी, त्याच ईमेलने मायक्रोसॉफ्टचाच अर्केन ऑस्टिन हा स्टुडिओही बंद झाला, ज्यांचा 'रेडफॉल' हा गेम सपशेल आपटला होता. आपटलेल्याला आणि पुरस्कारवाल्याला एकच ईमेल. आणि दुसऱ्याच दिवशी बातमी आली की ज्यांनी तो ईमेल पाठवला त्या, एक्सबॉक्सच्या स्टुडिओंचे तेव्हाचे प्रमुख मॅट बूटी यांनी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं, आपल्याला मान आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवेत. मी ती बातमी पुन्हा वाचली. वाटलं, आपलंच काहीतरी समजण्यात चुकतंय.

संस्थापक शिंजी मिकामी 2023 मध्येच बाहेर पडले होते, हे तुम्ही आता म्हणाल. म्हणा. पण 'हाय-फाय रश'चे दिग्दर्शक जॉन जोहानस होते आणि ते तिथेच होते. त्यांचा आधीचा 'घोस्टवायर: टोकियो' फिका होता? होता. मी तो अर्ध्यावर सोडला. पण गेम फिका काढला म्हणून बंद करायचं तर तो निघाला तेव्हाच करायचं होतं, चांगला काढल्यावर नाही.

आता त्या संध्याकाळबद्दल. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण ते गेमबद्दल नाहीच.

स्टुडिओ बंद झाल्याची बातमी वाचली तेव्हा मी ऐरोलीहून ठाण्याच्या गाडीत होते. घरी आले तर बाबा टीव्हीवर निवडणुकीचं ऐकत बसलेले. आपल्याकडचं मतदान 20 तारखेला होतं आणि गल्लीतून रिक्षावरचा भोंगा फिरत होता. माझं तोंड बघून म्हणाले, काय झालं? म्हटलं, एक कंपनी बंद केली. कुठली? तो गाण्यावर मारामारीचा गेम नाही का, चाय नावाचा मुलगा. बाबांना आठवला. "तो बरा होता की. मांजर होतं त्यात."

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. पंपांचे सुटे भाग. हातात व्हर्निअर, खिशात लाल पेन्सिल. आमच्या घरात दोन पिढ्या दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून पोट भरतोय. ती कंपनी मी शाळेत असताना बंद झाली. गेटवर नोटीस, मग हिशेब, मग बाबांची इकडेतिकडे कंत्राटी कामं.

त्यांनी मला व्यवस्थित तपासायला घेतलं.

"माल खपत होता?"

"30 लाख लोक खेळले, बाबा."

"रिजेक्शन?"

"जवळजवळ नाहीच."

"युनियन?"

"तसलं काही नाही."

"मग जागा. कुठे आहे जागा त्यांची?"

"टोकियोत. पण ऑफिस आहे ते, कारखाना नाही. जागेचा काय संबंध?"

ते गप्प बसले. मग टीव्हीकडे बघतच म्हणाले, "आमची एक बॅच परत आली होती. शेवटच्या वर्षी. मीच पास केलेली."

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. मग कळलं. हा माणूस इतकी वर्षं धरून चाललाय की कंपनी त्या बॅचमुळे बंद झाली. आईला माहीत नव्हतं. आत्या येता-जाता "युनियनने खाल्ली कंपनी" म्हणायची तेव्हा ते कधी वाद घालायचे नाहीत. मला वाटायचं, स्वभावच शांत आहे.

मी चिडले. हळुवारपणे बोलायला हवं होतं वगैरे तुम्ही म्हणाल, पण मी चिडले. म्हटलं, बाबा, तिथे आता टॉवर उभा आहे, खाली बँक आणि केकचं दुकान आहे. एक बॅच परत आली म्हणून कोणी टॉवर बांधतं का? ते म्हणाले, "तुला काय माहीत. ऑर्डर होत्या हातात. एवढ्या ऑर्डर असताना कोण बंद करेल?" आणि आवाज वाढवला, टीव्हीचा.

त्यांना अजून पटलेलं नाही. मी पुन्हा विषय काढला, एकदा ग्रीनबर्ग आणि बाफ्टाची सगळी हकिगतही सांगितली. ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घेतली कशाला होती?" याला माझ्याकडे चोख उत्तर आहे: मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये 750 कोटी डॉलरला टँगोची मालक कंपनी, अख्खी झेनिमॅक्स घेतली, त्यात फॉलआउट, डूम, एल्डर स्क्रोल्स आले, आणि त्याच गाठोड्यात टँगोही आला. 2023 मध्ये सुमारे 6,900 कोटी डॉलरला अॅक्टिव्हिजन ही आणखी मोठी गेम कंपनी घेतल्यावर जमाखर्च बघणाऱ्यांची नजर बदलली. बाबांनी मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची.

गेम पासचं काय, असंही विचारता. म्हणजे मायक्रोसॉफ्टची ती वर्गणी, जिच्यात 'हाय-फाय रश' वेगळे पैसे न देता खेळायला मिळाला. 2023 मधली मी म्हणायची, मासिक वर्गणी आहे म्हणूनच असला विक्षिप्त गेम लोकांनी उघडून तरी बघितला. आजची मी म्हणते, वर्गणीत एका गेमने नेमके किती कमावले हे ज्याला जसं हवं तसं मांडता येतं, आणि हिट गेमला तोट्याचा ठरवायला एवढं पुरतं. यावर 2023 मधली विचारते, मग तू तो पूर्ण किंमत देऊन घेतला असतास का, न बघता? नसता घेतला. दोघींचं अजून जमलेलं नाही.

क्राफ्टनने घेतला याचा मला आनंद झाला का? झाला. तुमच्या मुलाच्या फोनवरचा बीजीएमआय ज्यांचा, तेच हे. पण 'द ईव्हिल विदिन' आणि 'घोस्टवायर' मायक्रोसॉफ्टकडेच राहिले, आणि मे ते ऑगस्ट हे तीन महिने मध्ये होतेच. त्या तीन महिन्यांत तिथल्या एखाद्या टेस्टरने आपण पास केलेली कुठली बॅच आठवली असेल, हे कोणी विचारत नाही. शेवट गोड झाला म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की तो तुमच्यासाठी झाला.

गेल्या महिन्यात हा प्रश्न घणसोलीतल्या एका ओळखीच्याने विचारला. आयटीत आहे. त्याची कंपनी नुकतीच दुसऱ्या कंपनीने विकत घेतलीय. बोलता बोलता त्याने दोनदा सांगितलं की यंदाचं त्याचं रेटिंग टीममध्ये सगळ्यात वरचं आहे.

म्हटलं, टँगोचं काय कमी होतं?

"ते वेगळं रे," तो म्हणाला. मग मी आहे हे लक्षात येऊन, "वेगळं गं. ते गेमवाले."

मी म्हटलं, बाबांना भेटायला ये एकदा.