"हे लोक असलेच"

परवा रांगेत एक जण मध्येच घुसला आणि त्याच्या बोलण्यावरून तो "त्यांच्यातला" आहे हे कळलं होतं, त्यामुळे माझ्या डोक्यात वाक्य रेडीच, हे लोक असलेच! पाच मिनिटांनी आपल्यातला एक घुसला, तर मी म्हणाले, असेल बिचाऱ्याला घाई. मग माझीच मला लाज वाटली. थॉमस पेटीग्रू या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये नेमकं हेच लिहिलंय, त्यांच्यातला चुकला की दोष अख्ख्या जातकुळीचा, आपला चुकला की दोष परिस्थितीचा.

आधी मला वाटायचं की द्वेष कुणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही. शिकवतातच, पण त्याच्या आधीच काहीतरी तयार असतं. हेन्री ताजफेल हा मानसशास्त्रज्ञ पोलंडचा ज्यू, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत फ्रेंच म्हणून राहून वाचला, परत आला तर घरचं जवळपास कुणी उरलं नव्हतं. या माणसाने पुढे ब्रिस्टलमधल्या १४-१५ वर्षांच्या पोरांना पडद्यावर ठिपके दाखवून विचारलं, किती होते? मग सांगितलं तू जास्त मोजणाऱ्यांतला, तू कमी मोजणाऱ्यांतला. वाटणी खरं तर कशीही केलेली! नंतर एकेकट्याला बसवून दुसऱ्या पोरांना पैसे वाटायला लावले, स्वतःला एक पैसा नाही, समोरच्याचं नाव नाही, फक्त नंबर आणि गट. तरी पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलंच. ना जुनं वैर, ना ओळख, नुसते ठिपके हो!

पुढच्या प्रयोगात तर कहर. आपल्या गटाला जास्त मिळायची सोय होती, पण तसं केलं की समोरच्यांनाही भरपूर मिळणार, म्हणून पोरांनी आपल्यांना कमी चालेल पण फरक राहू दे असा हिशोब केला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, अजून काय. १९७० मध्ये हे छापून आलं.

आणि डोक्याचा हिशोबही गंडलेला असतो. हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये लोकांना दोन गटांबद्दल वाक्यं वाचायला दिली, मोठ्या गटाची १८ चांगली ८ वाईट, छोट्याची ९ चांगली ४ वाईट, म्हणजे प्रमाण सेम. तरी लोकांना छोटा गटच जास्त वाईट वाटला, कारण कमी दिसणारी माणसं आणि कमी घडणारी वाईट गोष्ट एकत्र आली की ती डोक्यात चिकटून बसते.

रांगेत घुसलेल्या त्या पहिल्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट मला अजून आठवतोय. आपल्यावाल्याने काय घातलं होतं, काही केल्या आठवत नाही.