पिशव्यांची पिशवी

भाचीकडे डिंकाचे लाडू पाठवायचे होते. डबा भरला, झाकणाला रबरबँड लावला आणि अडलं ते पिशवीपाशी. डबा कधीतरी परत येतो, पिशवी येत नाही, हे धरूनच ती निवडायची असते. फार चांगली दिली तर आपला जीव हळहळतो, फार मळकी दिली तर भाचीची सासू बघते. म्हणून भर दुपारी, ह्यांची झोप चालू असताना, मी स्वयंपाकघराच्या दारामागची पिशव्यांची पिशवी खिळ्यावरून काढली आणि फरशीवर पालथी केली.

ती तुमच्याकडेही आहे. दारामागे नसेल तर गॅसच्या सिलिंडरशेजारी असेल.

आमच्याकडे पिशव्यांचे मानपान आहेत. साडीच्या दुकानाची पिशवी सगळ्यात मानाची. ती आहेर न्यायला. त्याखालोखाल मिठाईवाल्याची, ती डबा न्यायला. चपलांच्या दुकानाची पिशवी कितीही कोरी असो, तिच्यातून खाण्याचा जिन्नस जात नाही. प्रवासात चपला ठेवायला ती चपलांकडेच परत जाते. औषधवाल्याची कागदी पिशवी कढीपत्त्याला. सराफाकडची चिमुकली, नाडीवाली पिशवी तर कशाच्याच उपयोगाची नाही, पण ती टाकायची हिंमत आजवर घरात कोणाला झालेली नाही. सध्या तिच्यात कुकरच्या जुन्या शिट्ट्या आहेत. २०१८ च्या जूनमध्ये प्लास्टिकबंदी लागू झाली, ५,००० रुपये दंडाच्या धाकाने सगळी दुकानं एका रात्रीत शहाणी झाली आणि त्या कापडासारख्या दिसणाऱ्या, पण कापड नसलेल्या पिशव्या जिकडेतिकडे झाल्या. त्यातली एक उचलली तर नुसत्या बोटांच्या धक्क्याने तिचा भुगा झाला. पापडाच्या डब्याच्या तळाशी राहतो तसा, निळा भुगा.

पालथी घातल्यामुळे तळाची पिशवी ढिगाच्या माथ्यावर आली होती. जाड मांजरपाट, दुहेरी शिवलेले बंद, आणि लाल अक्षरांत लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचं नाव. नाव लिहीत नाही. दुकान नसलं तरी मालकांची नातवंडं गावात आहेत. नावाखाली सहा आकडी फोन नंबर. त्याच्याखाली, जरा बारीक टायपात, ठसक्यात : आमची कोठेही शाखा नाही.

ही पिशवी आईच्या सामानातून माझ्याकडे आली. तिला ती मिळाली कशी, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या दुकानात पिशवी मिळत नसे, मिळवावी लागे. बाहेर पायरीशी चपला काढायच्या, आत पांढऱ्या अभ्र्याच्या गादीवर भिंतीला पाठ न टेकता बसायचं. टेकलं की समोरचे गुजरमामा (आडनाव नव्हे, आम्ही भावंडांनी ठेवलेलं नाव) चष्म्यावरून बघत. आई म्हणायची, "जरा टू बाय टू दाखवता का?" गुजरमामा विचारत, "साडी आणलीय?" साडी आणलेली असायचीच, घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. मग फळीवरून एक तागा खाली यायचा आणि गादीवर थाड्‌थाड्‌ करत उलगडायचा. तो आवाज मला फार आवडे. तागा उलगडला की कोऱ्या कापडाचा, खळीचा एक वास सुटायचा आणि तो नाकात भरून घ्यायला मी मुद्दाम पुढे सरकायची. मग मीटरपट्टी, मग कात्रीचा फक्त एक छोटा चावा, आणि पुढचं कापड दोन हातांनी टर्रकन फाडायचं. सरळ रेषेत! शाळेत मला पट्टीने समास आखता येत नसे, आणि हा माणूस न बघता, आईशी भावाची घासाघीस करता करता फाडत असे.

"रंग जाणार नाही ना?" आई प्रत्येक वेळी विचारायची.

"वहिनी, कापड फाटेल, रंग जाणार नाही," मामा प्रत्येक वेळी सांगायचे.

रंग जायचा. दुसऱ्याच धुण्याला जायचा. पण पुढच्या खेपेला हा प्रश्न आणि हे उत्तर पुन्हा व्हायचंच. काकडआरतीसारखं होतं ते.

मग वरच्या टांगलेल्या रिळातून दोरा ओढून कागदाची पुडी बांधली जायची आणि आई हलक्या आवाजात म्हणायची, "पिशवी द्याल ना?"

"ब्लाउजपीसवर पिशवी नाही."

परकर आणि फॉल मिळूनही नाही. एका साडीवरही बहुधा नाही. दोन साड्यांना मामा विचार करत. आई दुकानातून उतरताना पुटपुटायची, की पुन्हा म्हणून या दुकानाची पायरी चढणार नाही. आम्ही तिथून तुळशीबागेत जायचो, रामाला बाहेरूनच नमस्कार करायचो, पिना-बांगड्या घ्यायचो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच गादीवर पाठ न टेकता बसलेलो असायचो.

ताईच्या लग्नाचा बस्ता तिथेच झाला. १९८४ सालची गोष्ट. सकाळी दहाला गादीवर बसलो ते दिवे लागल्यावर उठलो. दोन्हीकडच्या मिळून नऊ बायका, शालू, मानपानाच्या साड्या, विहीणबाईंची नऊवारी, तिचा पदर पुन्हा बदलून. त्या दिवशी गुजरमामा स्वतः उठले आणि आतून पिशव्या घेऊन आले. सात! आईने रिक्षात बसल्यावर त्या मांडीवर घेऊन मोजल्या. शालूचा भाव चुकवताना तिच्या चेहऱ्यावर आला नव्हता तो विजय तेव्हा आला. त्या सातांपैकी ही शेवटची.

आईची एक खोड होती. या दुकानाची पिशवी घेऊन दुसऱ्या दुकानात जायचं तर पायरी चढायच्या आधी ती पिशवी उलटी करायची. शिवण बाहेर, नाव आत. "त्यांना कशाला वाईट वाटायला?" समोरच्या दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून ही तजवीज, आणि मग ह्या दुकानावरून परत जाताना ती पुन्हा सुलटी. एका दुपारी दोनदा-तीनदा पिशवी अशी आतबाहेर व्हायची. ज्या माणसाने ब्लाउजपीसवर पिशवी नाकारली होती, त्याच्या भावना ती अशी सांभाळत असे. हे मला तेव्हा हास्यास्पद वाटायचं. आता मी भाजीवालीसमोर सुपरमार्केटची पिशवी उघडताना तिचं नाव आतल्या बाजूला दुमडून घेते.

लक्ष्मी रोड ओस पडला, असं हल्ली कोणी म्हणालं की मी म्हणते, दिवाळीच्या आधीच्या रविवारी कुंटे चौकातून चालून दाखवा. रस्ता ओस बिस नाही. उलट सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो थांबते. कोथरूडहून बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायची, की उतरलात तुळशीबागेच्या तोंडाशी. दुकानं मात्र बदलली आहेत. जिथे गादी होती तिथे काचेच्या पेट्यांत मोबाइलची कव्हरं. वाडे पाडून इमारती झाल्या, भाडी वाढली, गाडी लावायची तर आजची तारीख सम की विषम हे बघा, मुलगे हिंजवडीला आणि नातू त्याच्याही पलीकडे. याच्यावर लोक फार लिहितात, सोडून द्या. एक ते चारच्या विनोदाचंही मला आता काही होत नाही. चितळ्यांनी १ जुलै २०१७ पासून दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं. देशभर जीएसटी लागू झाला तोही त्याच दिवशी, पण आमच्या सोसायटीच्या बाकावर चर्चा चितळ्यांचीच झाली.

ज्यांच्या गावोगाव शाखा होत्या, त्यांचं तरी काय झालं म्हणा. ढिगात बिग बझारची एक पिशवी निघाली. २००१ साली निघालेलं दुकान. २६ जानेवारीला सबसे सस्ता दिन. सकाळचं झेंडावंदन टीव्हीवर बघायचं आणि बादल्या आणायला रांगेत उभं राहायचं. ह्यांनी त्या गर्दीत एकदा चार उशा जिंकल्यासारख्या डोक्यावर धरून आणल्या होत्या. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत अजून त्याच आहेत. मग कर्ज झालं, भाडी थकली, २०२२ च्या फेब्रुवारीत रिलायन्सने बऱ्याच दुकानांचा ताबा घेतला आणि पाट्या बदलून स्मार्ट बझार झालं. दुकान आहे तिथेच. तीच ट्रॉली, तेच एक न वळणारं चाक. फक्त नाव गेलं.

माझा दादा इंग्लंडात आहे. तिकडे गावातल्या मुख्य बाजाररस्त्याला हाय स्ट्रीट म्हणतात, आणि तो गेली पंधरा वर्षं मला फोनवर कुठलं ना कुठलं दुकान गेल्याचं सांगतो, जसं इकडे मी त्याला कोण गेलं ते सांगते. वूलवर्थ्स गेलं तेव्हा त्याला लागलं होतं. १९०९ पासूनचं दुकान, आठशेच्या वर शाखा, ६ जानेवारी २००९ ला शेवटच्या बंद झाल्या. मुलांना सुट्ट्या गोळ्या हाताने निवडून पिशवीत भरायला तो तिथे न्यायचा. शेवटी शेवटी तिथे माल संपला तसे फळ्या आणि हूकसुद्धा विकायला काढले होते. दादाने डझनभर हूक आणले. कशाला, ते त्याला आजही सांगता येत नाही. डेबनम्सचं तर त्याहून निराळं झालं. २०२१ च्या मे महिन्यात दुकानं बंद झाली, पण नाव आणि वेबसाइट तेवढी एका ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने आधीच विकत घेतली होती. म्हणजे इथे दुकान राहिलं आणि नाव गेलं, तिथे नाव राहिलं आणि दुकान गेलं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आणि तुझ्याकडे पिशवी राहिली."

तो खवचटपणे म्हणाला. हूक घेणाऱ्या माणसाने बोलू नये.

पण खरं सांगायचं तर मला हळहळायचा हक्क नाही. ते साडीचं दुकान बंद पडत होतं त्या वर्षांत मी काय करत होते? फोनवर साड्या बघत होते. घरपोच येतात, आवडल्या नाहीत तर परत जातात, आणि "साडी आणलीय?" असं कोणी चष्म्यावरून विचारत नाही. रंग जाणार नाही ना, हेही कोणाला विचारता येत नाही. खाली अनोळखी बायकांनी तारे दिलेले असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. ठेवते. गुजरमामांपेक्षा त्या जास्त खरं बोलतात, हेही कबूल करते.

लाडू अखेर मिठाईवाल्याच्या पिशवीतून गेले. मांजरपाटाची पिशवी मी बाजूला काढून ठेवली आणि संध्याकाळी तीच घेऊन डीमार्टमध्ये गेले. तिथे विकतची पिशवी घ्यायची नाही हा माझा बाणा आहे. चंदीगडला एका गिऱ्हाइकाने बाटाच्या दुकानात कागदी पिशवीचे तीन रुपये घेतले म्हणून ग्राहक मंचाकडे तक्रार केली आणि २०१९ मध्ये मंचाने बाटाला ९,००० रुपये भरायला लावले. बातमी वाचली तेव्हा मला आईची फार आठवण झाली. तीन रुपयांसाठी मंचाकडे गेली नसती ती, पण त्या गिऱ्हाइकाला घरी बोलावून पोहे नक्की खिलवले असते.

रांगेत उभी होते, तर मागची बाई म्हणाली, "अहो, पिशवी उलटी झालीय तुमची."

बघितलं तर खरंच. शिवण बाहेर, नाव आत. घरातून निघताना की दारातून शिरताना, कधी केली कोण जाणे. मी ती सुलटी केली. तिने नाव वाचलं आणि पर्स छातीशी धरली.

"अगंबाई! माझा बस्ता इथलाच."

"ब्लाउजपीसवर पिशवी नाही," मी म्हटलं.

ती इतकी हसली की पुढच्या ट्रॉलीतलं लहान मूल वळून बघायला लागलं. मग म्हणाली, "आहे ना अजून?"

"नाही हो. बंद झालं."

"कधी?"

मला सांगता येईना. कोरोनात, की आधीच? पाटी उतरताना मी पाहिली नाही, सेलची जाहिरात वाचली नाही. "तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?" मी विचारलं. तिने बोटं मोजली. मुलीची मंगळागौर... नाही, मुलीचं बारावीचं वर्ष होतं तेव्हा. मुलीची मुलगी आता पहिलीत आहे. आम्ही दोघी थोडा वेळ गप्प उभ्या राहिलो. मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कॅरीबॅग?" आणि मी म्हटलं, "आहे," आणि तेलाचे पाऊच तळाशी ठेवून वर रवा, साबुदाणा असं भरत गेले.

घरी येऊन बघते तर एक पाऊच गळला होता. शाखेची ओळ तेलाने पार माखलेली. गरम पाण्यात सोडा घालून पिशवी भिजत घातली आहे. मघाशी जाऊन पाहिलं, बादलीतलं पाणी गुलाबी झालंय.