गेरच्या दिवशी निघालेला पॅच

रंगपंचमीला इंदुरात गेर निघते, रंगाची मोठी मिरवणूक. त्या दिवशी दुकान उघडणारा एक तर परगावचा, नाही तर वेडा. आमचंही बंद होतं. दुपारी सव्वादोनला फोन आला. "काका, जरा गडबड झालीये. मी दुकानाच्या जिन्यातच बसलोय."

आमचं दुकान रामबागेजवळ पहिल्या मजल्यावर. पाटीवर 'विग' हा शब्द नाही, मुद्दामच. येणाऱ्याला जिना चढताना कोणी ओळखू नये एवढी एकच सोय गिऱ्हाईक आधी बघतं, कामाची सफाई नंतर. बहुतेकांच्या फोनमध्ये आमचा नंबर 'एसी सर्व्हिस' म्हणून असतो. हा मुलगा २४ वर्षांचा, सुदामानगरचा. दोन वर्षं आमच्याकडे पॅच लावतो, म्हणजे टकलाच्या जागी टेपने चिकटवायचा केसांचा तुकडा. घरात आई-वडिलांना माहीत, बाहेर कोणालाच नाही.

गमछा सोडला तेव्हा कळलं की गडबड 'जरा' नव्हती. पॅचचा मागचा भाग सुटून टोपीसारखा उचललेला, केस गुलाबी-हिरवे, आणि पुढची कड कपाळाला दगडासारखी कडक चिकटलेली. उजव्या भुवईच्या वर रुपयाच्या नाण्याएवढी कातडी सोललेली. "काय लावलंस?" म्हणून विचारलं, तर त्याने खिशातून पाच रुपयांची ट्यूब काढली. प्लास्टिक, चपला, तुटलेले कप जोडायचा झटपट गोंद.

झालं ते असं. सकाळी आईने मायेने डोक्याला खोबरेल तेल चोपडलं, रंग चढू नये म्हणून. स्वतःचे केस असतील तर अगदी बरोबर. पॅचवाल्यासाठी मात्र तेल म्हणजे विषच. आमची टेप अ‍ॅक्रिलिक गोंदाची असते. घाम ती १५-२० दिवस झेलते, साधं पाणीही झेलते, पण तेल कडेने आत शिरलं की गोंद मऊ पडून सरकायला लागतो. त्यात राजवाड्यासमोर टँकरवरच्या मोटारपंपांचा मारा, जो तिसऱ्या मजल्यावरच्यांनाही सोडत नाही. होळीच्या आठवड्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला मी 'भिजू नका' सांगतो. 'तेल लावू नका' हे सांगायचं राहून जातं, कारण पॅचला कोणी तेल लावेल असं मनातच येत नाही.

घरी पळून यायचं तर सोबत मुलीचा भाऊ. देवासला लग्नाचं बोलणं चाललं होतं, चार दिवसांनी, रविवारी, ती मंडळी घर बघायला येणार होती, आणि भाऊ खास गेर बघायला आधीच आलेला. तेव्हा हा एका गल्लीत घुसला, कुठल्याशा किराणावाल्याकडून गोंद घेतला, उभ्या मोटारसायकलच्या आरशात बघून कड चिकटवली आणि पुढे दीड तास नाचला. घरी येऊन ओढून काढायला गेला तेव्हा कातडी आली.

हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ओलावा लागला की तो घट्ट होतो, म्हणजे घामेजलेल्या कपाळावर क्षणात. घट्ट होताना तापतो, कापसाला किंवा सुती कपड्याला लागला तर चांगलाच चटका देतो. डॉक्टर जखमा चिकटवायला वापरतात तो याच जातीचा, पण त्याची घडण वेगळी. बाजारातला वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि कपाळाची कातडी हलली की टोचतो. फोनवरच्या व्हिडिओंत उत्तर एकच, नेलपॉलिश रिमूव्हर. त्यातलं अ‍ॅसिटोन गोंद विरघळवतं हे खरं. पण डोळ्यांच्या वर चार बोटांवर, सोललेल्या कातडीशेजारी ते ओतायचं म्हणजे आगीला तुपाची धार.

आधी मागची बाजू. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून तीन-चार मिनिटं थांबलं की टेप आपणहून सोडते; मग बेस, म्हणजे केस बसवलेला पॅचचा तळ, मागून पुढे, चटई गुंडाळावी तसा गुंडाळत आणायचा. उचकटायचा नाही. पुढे दीड इंचावर थांबलो. फवारा तिथे नेला असता तर जखमेत गेला असता. आणि मग जे करायला हात धजत नव्हता ते केलं. कात्रीने लेस, म्हणजे पुढच्या कडेची बारीक जाळी, कापली.

हे नुकसान बाहेरच्याला समजणार नाही म्हणून सांगतो. पॅच आठ बाय सहाचा, मधे मोनो, म्हणजे एकेरी धाग्याची जाळी, तीन बाजूंना पीयूची (पॉलियुरेथेनची) पट्टी, पुढे लेस. मोनो टिकाऊ, पीयूला टेप नीट धरते, पण पॅचची खरी किंमत पुढच्या अर्ध्या इंचात असते. तिथे प्रत्येक गाठीत एकच केस, गाठी ब्लीच करून फिक्या केलेल्या, म्हणजे कातडीतूनच केस उगवल्यासारखा दिसतो. समोरची रेघ सरळ ठेवली की चेहरा प्लास्टिकचा वाटतो. ती किंचित वाकडी, कानशिलाजवळ विरळ ठेवावी लागते. स्वस्तातले पॅच ओळखू येतात ते इथेच, दाट आणि सरळ रेघेमुळे. या मुलाची रेघ मी स्वतः दोन बैठकांत विरळ केली होती. १६,००० रुपयांच्या पॅचमधलं जे काही माझं होतं, ते त्या अर्ध्या इंचात होतं.

कपाळावर उरलेल्या लेसच्या पट्टीवर कोमट साबणपाण्यात भिजवलेली घडी दहा मिनिटं ठेवायची, काढायची, कडेला बोटाने तेल लावायचं, बोथट लाकडी काडी आडवी लोळवत न्यायची. जिथे सुटेल तिथे सुटू द्यायचं, जिथे अडेल तिथे परत घडी. चार इंचांच्या पट्टीला दोन तास दहा मिनिटं लागली. ज्या खोबरेल तेलाने घात केला त्यानेच सोडवलं, हे त्याला सांगितलं तर बिचारा हसला. दोन ठिकाणी गोंदाचे पापुद्रे तसेच ठेवले. कातडी आपला वरचा थर टाकते तेव्हा तेही गळतात, चार-सहा दिवस लागतात. खाली महापालिकेच्या गाड्या रस्ता धूत होत्या. हे शहर संध्याकाळच्या आत राजवाडा चकाचक करतं.

इथपर्यंतचं काम रोजचंच, जरा अवघड एवढंच. डोक्यात राहिलंय ते पुढचं.

पॅच लावायचा तर खालचे उरलेसुरले केस काढावे लागतात, नाही तर टेप धरत नाही. हे कोणी जाहिरातीत सांगत नाही. दर सर्व्हिसला पॅच निघतो, मशीन फिरते, डोकं अल्कोहोलने पुसलं जातं, नवी टेप, पॅच परत. मधल्या वेळात गिऱ्हाइकाची खुर्ची आरशाकडे पाठ करून असते. त्यामुळे खाली काय आहे हे त्यालाही दिसत नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही बघत नाही. या वेळी जखमेमुळे मशीन फिरवायची नव्हती. मागची सर्व्हिस १२ दिवसांपूर्वीची. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे चारएक मिलिमीटर आलेले. दिव्याखाली बघितलं तर कानशिलं रिकामी होती, पण मधल्या भागात आणि शेंड्यावर, म्हणजे शेंडीच्या जागी, केस होते. बारीक, पातळ, काही जाड काही लवेसारखे, पण होते. दोन वर्षं आम्ही त्यावर मशीन फिरवत होतो.

बावीसाव्या वर्षी तो पहिल्यांदा आला तेव्हाचं कार्ड काढलं. आमच्याकडे टक्कल मोजायचा तक्ता आहे, हॅमिल्टनचा, नॉरवुडने १९७५ मध्ये सुधारलेला, सात पायऱ्यांचा. त्यावर तिसऱ्या पायरीला खूण होती. माप होतं, रंग होता, डेन्सिटी होती, बेस होता. 'त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं का' हा रकानाच नव्हता. माझ्या माहितीत या धंद्यात कोणाच्याच कार्डावर नसतो.

मुलं येतात ती सगळं करून थकून येतात, असं आपण धरून चालतो. केलेलं काय असतं? कांद्याचा रस. कोणाच्या मावशीने सांगितलेला लेप. भंवरकुव्याच्या क्लासवाल्या मुलांचा तर एकच सिद्धांत, होस्टेलच्या बोअरचं पाणी. जड पाण्याने केस खरखरीत होतात, तुटतात, पण कपाळावरून शेंड्याकडे ठरावीक आकारात जातात ते पाण्याने नव्हे. तो वारसा असतो, आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून. डीएचटी नावाचं हार्मोन त्या जागेची मुळं दरवर्षी थोडी थोडी बारीक करत नेतं. बारीक होत असलेलं मूळ औषधाने पुष्कळदा धरून ठेवता येतं. गेलेलं परत आणणं फार अवघड. म्हणून बावीस आणि चोवीस यांत फरक असतो, आणि ती दोन वर्षं माझ्या खुर्चीत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जखमेचं मलम मिळालं, पंधरा दिवस त्या जागी काहीही चिकटवायचं नाही असं बजावलं. भिंगाचं यंत्र डोक्यावर ठेवून त्यांनी शेंडाही बघितला आणि जखम भरल्यावर सुरू करायला ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल लिहून दिलं, एक-एक मिली दोन वेळा. केसगळतीच्या गोळीचं पुढच्या भेटीत बोलू म्हणाले. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. केस वाढतात हे नंतर लक्षात आलं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. तिथेच निम्मी मुलं घाबरून बाटली फेकतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. हे सगळं त्याने मला फोनवर वाचून दाखवलं, परीक्षेचा पेपर वाचावा तसं.

गुरुवारी संध्याकाळी आईचा फोन. "अहो, रविवारपुरतं तरी काहीतरी करा हो. नंतर महिनाभर घरात बसवते त्याला."

करता आलं असतं. दुकानात तयार मापाचा पॅच असतो. पुढची रेघ दोन सेंटिमीटर मागे घेऊन, जखम मोकळी सोडून, केस कपाळावर आणून बसवला असता. चार तास कोणाला कळलं नसतं. पण जखमेभोवतीची कातडी सुजलेली, लाल होती. त्यावर टेप लावली की काढताना तीच निघते, मग पंधरा दिवसांचे दोन महिने होतात. मी नाही म्हटलं. विजयनगरात 'हो' म्हणणारे दहाजण मिळतील हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत असावं. 'ट्रान्सप्लांटच करून टाकू का?' हेही विचारून झालं. चोविसाव्या वर्षी टक्कल कुठे थांबणार ते ठरलेलं नसतं. पुढे लावलेले केस टिकतात, त्यामागचे स्वतःचे जात राहतात आणि मधे बेट उरतं.

शनिवारी रात्री आठला तो एकटाच आला. "काका, मशीन फिरवा. सगळीकडे."

बाजूचे केस दोन इंच होते, वरचे पाच-सहा मिलिमीटर. ३ मिलिमीटरचं गार्ड लावलं आणि जखमेला वळसा घालून एकसारखं केलं. बाजू आणि माथा यांतली दरी हीच टकलाला टक्कल बनवते. बाजू खाली आणली की ती निम्मी मिटते. दाढी चार दिवसांची होती, ती कानापाशी उतरती करून डोक्यात मिसळली. गुलाबी रंग कानामागे होता, तो काही गेला नाही. खुर्ची या वेळी आरशाकडे तोंड करून होती, त्यानेच फिरवून घेतली. बराच वेळ बघत राहिला. मग मला फोटो काढायला लावला, मुलीला पाठवला. निळ्या खुणा झाल्या. मी फरशी झाडेपर्यंत उत्तर आलं नव्हतं, आणि तो गेला.

रविवारचं आईने सोमवारी सांगितलं, "आले, जेवले, गेले." त्यापुढे काही नाही. मीही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी तो परत आला. जखम भरलेली, जागा अजून किंचित गुलाबी. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत पॅच, पुढचा भाग कापलेला, शाम्पूने पाच वेळा धुतलेला आणि तरीही गुलाबी. पॅचचे केस कारखान्यात आम्लातून काढून, वरचं कवच उतरवून रंगवलेले असतात, त्यामुळे बाहेरचा रंग ते कापडासारखे पितात. पहिल्याच दिवशी, भिजवण्याआधी, कोरड्या ब्रशने झटकला असता तर थोडा वाचला असता. नवी लेस जोडता येते, पण या केसांवर तो खर्च करू नकोस म्हणालो.

लग्न ठरलंय. तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरात. मुलीने फोटोवर काय उत्तर दिलं ते त्याने सांगितलं नाही; 'तिचं काही नाही' एवढंच म्हणाला. आईचं मात्र म्हणणं, अल्बम जन्मभराचा असतो, तर लग्नापुरता नवा पॅच करून घे. दोन दिवस.

मिनॉक्सिडिल आणि टेप एका कातडीवर नांदत नाहीत. औषध टेप सोडवतं आणि पॅचखाली कोंडलं की कातडी खवळते. एप्रिलमध्ये सुरू केलेलं औषध नोव्हेंबरापर्यंत दिसायला लागलेलं असेल, आणि नेमकी तेव्हाच मला त्यावर मशीन फिरवावी लागेल. दोन दिवसांनी पॅच काढून परत बाटली धरली तर फारसं बिघडणार नाही, केस पुन्हा वाढतील. पण दोन दिवसांसाठी लावलेला पॅच तिसऱ्या दिवशी काढायला आलेलं गिऱ्हाईक १४ वर्षांत मला भेटलेलं नाही.

त्याला भाव सांगितला. कार्डावर डॉक्टरांचा रकाना आता पेनने आखलाय, त्यात त्याची तारीख पहिली. जुनं टेम्पलेट, म्हणजे डोक्याच्या मापाचा साचा, चालणार नाही, जागा थोडी बदललीये. नवीन घ्यायचं तर ऑर्डर सप्टेंबरच्या शेवटी गेली पाहिजे. तोवर दर महिन्याला येऊन शेंड्याचा फोटो काढून जा, त्याच दिव्याखाली, एवढं मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.