जेयुनिट ४ वरून ५ वर जाताना

पर्वरी-वेर्ण्याच्या ऑफिसांत जुना जावा कोड सांभाळणाऱ्यांनो, जेयुनिट (जावा कोडच्या टेस्ट चालवायचं साधन) ४ वरून ५ वर न्यायचं काम चतुर्थीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी काढू नका.

आधी चालणाऱ्या टेस्टची संख्या लिहून ठेवा. मेव्हन या बिल्ड साधनाचं टेस्ट चालवणारं प्लगइन, शुअरफायर, २.२२.० पेक्षा जुनं असेल तर नव्या टेस्ट त्याला दिसतच नाहीत. शून्य टेस्ट चालतात आणि बिल्ड हिरवा!

मग जेयुनिट ५ मध्ये जुन्या टेस्ट चालवणारं व्हिंटेज इंजिन जोडा. जुन्या टेस्ट तशाच चालतात, आणि एकेक क्लास सावकाश बदलता येतो. अॅनोटेशनांची (मेथडवर लावायच्या खुणांची) नावं बदला: 'बिफोर'चं 'बिफोरईच', 'बिफोरक्लास'चं 'बिफोरऑल', 'इग्नोर'चं 'डिसेबल्ड'. एका क्लासात जुनं-नवं मिसळू नका: 'टेस्ट' नवं आणि 'बिफोर' जुनं राहिलं तर सेटअप (टेस्टआधीची तयारी) गुपचूप वगळला जातो. पुढे नल पॉइंटर (तयारच न झालेली वस्तू वापरल्याचा) एरर आला तर नशीब, कारण निदान चूक कळते.

सगळ्यात फसवा बदल असर्टइक्वल्सचा, म्हणजे अपेक्षित आणि आलेली किंमत सारखी आहे का ते तपासणाऱ्या मेथडचा. टेस्ट पडल्यावर दिसणारा संदेश पूर्वी पहिला होता, आता शेवटचा. समजा फेरीबोटीच्या तिकिटाची टेस्ट आहे: ("धक्का चुकला", "चोडण", धक्का). तिन्ही स्ट्रिंग, म्हणून कंपाइलर तक्रार करत नाही. पण आता "धक्का चुकला"ची तुलना "चोडण"शी होते आणि बरोबर कोडची टेस्ट पडते. किंमती वेगळ्या आहेत ना ते तपासणाऱ्या असर्टनॉटइक्वल्समध्ये तर उलट: टेस्ट कायम पासच होते. म्हणून तीन आर्ग्युमेंटच्या सगळ्या ओळी शोधून हातानेच तपासा.

टेस्टमध्ये अपवाद (एक्सेप्शन) यायलाच हवा असं सांगणाऱ्या जुन्या 'एक्स्पेक्टेड'च्या जागी असर्टथ्रोज वापरा, आणि त्याला दिलेल्या लॅम्डात (छोट्या बिननावाच्या फंक्शनात) फक्त अपवाद फेकणारी ओळच ठेवा.