पेडल अखेर कडक झालं: घोटाळा निपलच्या जागेचा होता

मी जोडत असलेल्या गाडीचं ब्रेक पेडल मागच्या नोंदीत जवळजवळ फ्लोअरला टेकत होतं. आज 45 मिमीवर थांबतं, आधी 95 जात होतं. दुसऱ्यांदा दाबलं तरी त्याहून वर येत नाही, पाय ठेवून दोन मिनिटं धरलं तरी खाली बसत नाही. तीन आठवडे आणि अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या ब्रेक ऑइल गेल्यावर कळलं की खराब पार्ट एकही नव्हता.

सेटअपची उजळणी: बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही, पेडल रेशो 5:1 (पेडल 5 मिमी गेलं की मास्टरचा पिस्टन 1 मिमी), टँडम मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल ढकलणारा, दोन सर्किटचा पंप) 19.05 मिमी (पाऊण इंच), पुढे एक पिस्टनचे स्लायडिंग कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे), मागे ओम्नीचा ॲक्सल आणि त्याचेच ड्रम. सर्किट पुढचं वेगळं, मागचं वेगळं.

पेडल खाली जातं म्हटल्यावर जो तो मास्टरवर खापर फोडतो. मास्टर बदलण्याआधी एक चाचणी करा, खर्च जेमतेम. मास्टरची दोन्ही आउटलेट एम10×1.0 च्या डमी बोल्टने बंद करा आणि पेडल दाबा. दगडासारखं लागलं तर मास्टर निर्दोष. हळूहळू खाली सरकत राहिलं तर आतलं रबरी वॉशर (सील) गेलंय. इथे दगडासारखंच लागलं. मग फक्त मागचं सर्किट जोडलं. पेडल थोडं लांबलं, पण दुसऱ्या दाबाला वर आलं आणि कडक राहिलं. ही हवेची खूण नाही, ही ड्रम आणि लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचं अस्तर) यांमधल्या गॅपची खूण. ड्रम हाताने फिरवताना जरासा घासेल इतके लायनर उघडले, गॅप गेली. हँडब्रेकची केबल मात्र सगळ्यात शेवटी ताणायची. आधीच ताणली की शू अर्धवट उघडे राहतात आणि सेटिंग खोटं निघतं.

पुढचं सर्किट जोडलं आणि पुन्हा स्पंज. पंप केलं की पेडल वर यायचं, पण मऊच. म्हणजे हवा. ती जात मात्र नव्हती. कॅलिपरच्या निपलला (हवा काढायचा पोकळ स्क्रू) नळी लावून, नळीचं टोक ऑइलमध्ये बुडवून, दाब-उघड-बंद-सोड असं शंभरदा केलं. एकही बुडबुडा नाही. मास्टरचं तोंड थोडं वर आहे, त्यात हवा अडकते म्हणून गाडीची मागची बाजू 15 सेमी उचलून मास्टर लेव्हलमध्ये आणला. तरी तेच.

शेवटी ट्रॉलीवर आडवं पडून कॅलिपरकडे नीट पाहिलं, तर निपल खाली आणि होजचा बँजो (ऑइलची लवचिक नळी जोडायचं कडं) वर!

आता कारण. स्टीअरिंग आर्म पुढे यावा म्हणून जानेवारीत डावा-उजवा नकल (चाक आणि कॅलिपर धरणारा, स्टीअरिंगने फिरणारा भाग) अदलाबदल केला होता. कॅलिपर बसवताना मात्र त्यावरची डावी-उजवीची खूण पाहून गाडीच्या त्या त्या बाजूला लावले. नकल उलट बाजूला गेला की कॅलिपरही त्याच्यासोबत जायला हवा. नाहीतर तो उलटा फिरवूनच बसतो, आणि बोल्टची भोकं तंतोतंत जुळत असल्याने शंकाही येत नाही. हवा वर साचणार आणि निपल तळाला, तर तिथून नुसतं ऑइलच निघणार.

हिशोबही जुळतो. दाब 50 बारच्या आसपास गेला की 1 घन सेमी हवेचं काहीच उरत नाही, म्हणजे तेवढी जागा पूर्ण वाया. 19.05 मिमी बोअरमध्ये 1 घन सेमी म्हणजे 3.5 मिमी स्ट्रोक, पाचपट केला की पेडलवर साडेसतरा. पेडलचे वाया गेलेले 50 मिमी सगळे हवेचे धरले तर साधारण 2.9 घन सेमी हवा, दर कॅलिपरमध्ये दीड धरा. चमचाभरही नाही.

खात्री करायला कॅलिपर काढून हातात धरला, निपल वर केला, पॅडमध्ये डिस्कइतक्या जाडीचा लाकडी ठोकळा घातला (नाहीतर पिस्टन बाहेर येऊन पडतो) आणि हवा काढली. फस्सकन निघाली. त्यानंतर दोन्ही कॅलिपरची रीतसर अदलाबदल केली, बँजोला नवे तांब्याचे वॉशर टाकले. जुने तापवून मऊ करता येतात, पण नव्यांची किंमत बघता तो उद्योग कशाला.

मधल्या काळात 20.64 मिमीचा मास्टर लावून टाका असा सल्ला आला होता. क्षेत्रफळ 17 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे 95 चे 81 मिमी झाले असते. हवा आतच, वर पेडल जड. दुखणं झाकायचा उपाय.

ब्रेक ऑइलबद्दल एक. डॉट 4 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर 155. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140. जुलैत मुंबईच्या हवेत झाकण उघडी ठेवलेली बाटली संध्याकाळी पुन्हा वापरू नका, म्हणून लहान बाटल्याच घ्या. पाइपही साधा तांब्याचा नको. बंडी ट्यूब (दुहेरी थराची स्टीलची नळी) किंवा क्युप्रोनिकल (तांबे-निकेल) घ्या. खाऱ्या हवेत क्युप्रोनिकल जास्त टिकतो आणि फ्लेअरही (पाइपचं पसरवलेलं टोक) सहज होतो. मुंबईत ऑपेरा हाऊसला एका दुकानात बबल फ्लेअरचे नट डबल फ्लेअर (टोकाचा वेगळा आकार) म्हणून गळ्यात मारले गेले, म्हणून नट आणि सीट दोन्ही सोबत नेऊन जुळवा. बाकी चौदा फ्लेअर केले, गळती शून्य. याचा आनंद पेडलपेक्षा कमी नाही.

पेडल बॉक्स सुटलेलाच होता, तेव्हा बॅलन्स बार (पायाचा जोर पुढच्या-मागच्या मास्टरमध्ये वाटणारा दांडा) आणि दोन वेगळे मास्टर लावायचा मोह झाला. कागदावर मांडलं: 15.87 मिमीचे दोन मास्टर मिळून 22.4 मिमीच्या एका मास्टरइतके जड. 30 किलो पायाला आज सुमारे 52 बार मिळतात, तिथे 37 मिळतील. तेवढाच दाब हवा तर रेशो 7:1 करावा लागेल आणि फूटवेलमध्ये तेवढी उंची नाही. सध्या रद्द. त्याऐवजी मागच्या लाइनला फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा). गाडी हलकी, त्यामुळे मागचे ड्रम आधी लॉक होण्याची शक्यता मोठी. पेडलला 6:1 चं दुसरं भोकही आत्ताच पाडून ठेवतो, नंतर सगळं उघडायला नको.

आता नवं दुखणं. कॅलिपर सरळ झाल्यावर होज फुल लॉकला (स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर) वरच्या विशबोनला (सस्पेन्शनचा हात) घासते. तपासायचं तर कॉइलओव्हर (स्प्रिंगसकट शॉक ॲब्सॉर्बर) काढा, चाक पूर्ण खाली सोडा आणि दोन्ही टोकांना स्टीअरिंग फिरवा. गाडी जमिनीवर उभी असताना हे दिसत नाही. 40 मिमी जास्त लांब होज करायला टाकली आहे. ती येईपर्यंत चॅसीवरचा ब्रॅकेट 25 मिमी मागे घेऊन वेल्ड करायचा, पण आमच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) दुपारी दोन ते चार ग्राइंडर बंद, म्हणून ते काम रविवारी सकाळी.